तळ्याकाठचं घर विकणे आहे

बडोद्यातलं सुरसागरच्या काठचं आमचं घर विकायला काढलंय. दलाल म्हणाला, "काका, लेक व्ह्यू लिहा, भाव चढेल." मला हसूच आलं. आजोबांनी घर घेतलं तेव्हा ओसरी बाजाराकडे आणि मोरी तळ्याकडे होती!

तळ्याचं जुनं नाव चंदन तलाव. अठराव्या शतकात दगडी काठ बांधून ते पक्कं झालं. सयाजीराव महाराजांच्या काळात 1886 साली गायनशाळा निघाली, 1896 साली तळ्याजवळ न्यायमंदिर उभं राहिलं. आजोबा कारकून. कचेरी पायी गाठता यायची म्हणून हे घर, पाण्यासाठी नव्हे.

आजी मात्र बाराही महिने मागच्या खिडकीत. उन्हाळ्यात गारवा, पावसाळ्यात डास (ते जाहिरातीत नाहीत), भाद्रपदात विसर्जन. आमचा गणपती पाण्यात जाईपर्यंत ती जेवत नसे. पुढे तळ्यात मधोमध 111 फुटी शंकर उभा राहिला.

चुलतभाऊ पुण्यात, त्यांची संमती आलीय. बुधवारी दस्त आहे. त्या खिडकीची सागवानी चौकट मागून घ्यावी का, हे अजून ठरत नाहीये. लावणार कुठे? नव्या फ्लॅटसमोर पार्किंग आहे.