स्थैर्याचा कौल : ब्रिटनमधील १९३१ ची सार्वत्रिक निवडणूक

मतदार आपले आर्थिक हित पाहून मत देतो, हा सिद्धान्त राज्यशास्त्रात जुनाच आहे. परंतु हित आणि स्थैर्य या दोन गोष्टी एक नव्हेत. अधिक काही पदरात पडावे ही हिताची अपेक्षा असते. आहे ते हातचे जाऊ नये ही स्थैर्याची चिंता असते. या दुसऱ्या प्रेरणेचे सामर्थ्य किती असू शकते, याचे ठळक उदाहरण म्हणून ब्रिटनमध्ये २७ ऑक्टोबर १९३१ रोजी झालेल्या निवडणुकीकडे पाहता येईल. पौंडाचे रक्षण करण्यासाठी म्हणून जे सरकार अधिकारावर आले आणि ज्याच्याच कारकीर्दीत पौंडाचा सोन्याशी असलेला संबंध तुटला, त्याच सरकारला अवघ्या पाच आठवड्यांनंतर मतदारांनी ६१५ पैकी ५५४ जागा दिल्या. हा विरोधाभास उलगडल्याशिवाय त्या कौलाचा अर्थ लागत नाही.

१९२९ च्या निवडणुकीत मजूर पक्ष कॉमन्स सभेतील सर्वांत मोठा पक्ष ठरला होता. तथापि त्यास बहुमत नव्हते. रॅम्से मॅक्डोनल्ड यांचे मंत्रिमंडळ स्थिरस्थावर होण्यापूर्वीच जागतिक मंदी आली. त्या वेळी सुमारे १२ लाख असलेली बेकारांची संख्या १९३१ च्या मध्यास २७ लाखांच्या आसपास गेली. मे १९३१ मध्ये ऑस्ट्रियातील क्रेडिटआन्स्टाल्ट ही मोठी बँक कोसळली, तिच्या पाठोपाठ जर्मन बँका अडचणीत आल्या, आणि जुलैत लंडनमधून सोन्याचा ओघ बाहेर वाहू लागला. नेमक्या याच सुमारास सर जॉर्ज मे यांच्या समितीने अंदाजपत्रकात १२ कोटी पौंडांची तूट येईल असे भाकीत केले आणि बेकारी भत्त्यात मोठी कपात सुचविली. भत्ता १० टक्क्यांनी कमी करण्याच्या प्रश्नावर मंत्रिमंडळात फूट पडली. २४ ऑगस्ट रोजी मॅक्डोनल्ड यांनी राजीनामा दिला आणि हुजूर व उदारमतवादी पक्षांच्या साहाय्याने ‘राष्ट्रीय सरकार’ बनविले.

अर्थमंत्री फिलिप स्नोडेन यांनी १० सप्टेंबरच्या अंदाजपत्रकात प्राप्तिकर पौंडामागे साडेचार शिलिंगांवरून पाच शिलिंगांवर नेला. भत्ता व वेतने यांना कात्री लावली. वेतनकपातीमुळे इन्व्हरगॉर्डन येथे आरमारातील खलाशांनी काम नाकारले. या बातमीने धास्ती वाढली आणि २१ सप्टेंबर रोजी सुवर्ण परिमाणाचा त्याग करावा लागला. वर्षअखेर डॉलरच्या तुलनेत पौंड सुमारे ३० टक्क्यांनी उतरला होता.

असे असता सरकारला शिक्षा का झाली नाही? याचे पहिले कारण असे की, जगभर वस्तूंचे भाव घसरत असल्यामुळे पौंड उतरल्याची झळ सामान्य कुटुंबाच्या घरखर्चास फारशी लागली नाही. ज्या अनर्थाची भीती घातली गेली होती, तो घडून गेला तरी भाकरी महागली नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. विमा उतरलेल्या कामगारांपैकी सुमारे एकपंचमांश बेकार होते; म्हणजेच चारपंचमांश कामावर होते. स्वस्ताईमुळे त्यांच्या मजुरीची खरी किंमत वाढली होती आणि अनेकांनी पोस्टाच्या बचत बँकेत थोडीबहुत शिल्लक टाकली होती. गमावण्यासारखे काही असलेला हा मोठा वर्ग होता.

प्रचाराचा रोख याच वर्गाकडे होता. सरकारमधील पक्षांचे आयात जकातीवर एकमत नसल्याने समान कार्यक्रम देणे शक्य नव्हते. म्हणून देश रोगी आहे, वैद्याला योग्य वाटेल तो उपचार करू द्यावा, अशा अर्थाचा मोकळा अधिकार मागण्यात आला. मॅक्डोनल्ड सभांतून १९२३ मधील जर्मनीच्या कवडीमोल नोटा दाखवीत. बचत बँकेतील पैसा मजूर सरकारच्या काळात बेकारी विमा निधीस उसना दिला गेला, असे वॉल्टर रन्सिमन यांनी सांगितले व स्नोडेन यांनी त्यास दुजोरा दिला. वस्तुतः या ठेवींना सरकारची हमी होती आणि त्या बुडण्याचा धोका नव्हता. परंतु ज्याची सारी पुंजी एका पासबुकात आहे, त्यास हमीच्या कायद्यापेक्षा अफवा जवळची वाटते.

निकालाचा अर्थ लावताना मात्र अतिशयोक्ती टाळावयास हवी. मजूर पक्षाची मते सुमारे ८४ लाखांवरून ६६ लाखांवर आली. म्हणजे तीनांतील जवळजवळ एक मतदार त्याच्याकडेच राहिला. तरीही त्यास ५० च्या आसपासच जागा मिळाल्या, कारण १९२९ मधील तिरंगी लढतींच्या जागी बहुतेक ठिकाणी विरोधकांचा एकच उमेदवार उभा होता. पक्षनेते आर्थर हेंडरसन बर्न्ली या विणकरांच्या गावी पराभूत झाले. दक्षिण वेल्सच्या खाणपट्ट्याने मात्र पक्षाची साथ सोडली नाही. जेथे गमावण्यास फारसे उरले नव्हते, तेथे स्थैर्याच्या हाकेला प्रतिसाद मिळाला नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे.

पुढे काय झाले? जून १९३२ मध्ये बँक दर २ टक्क्यांवर आला आणि स्वस्त पैशाने घरबांधणीस चालना दिली. सुवर्ण परिमाण वाचविण्यासाठी कपात हवी असे सांगितले गेले होते. ते परिमाण गेल्यानेच हा मार्ग मोकळा झाला. बेकारी मात्र जानेवारी १९३३ मध्ये ३० लाखांच्या घरात पोहोचली.

या कौलाची दुसरी एक किंमत समुद्रापार मोजली गेली. सप्टेंबर १९३१ मध्येच रुपयाची हुंडणावळ १८ पेन्सांच्या दराने स्टर्लिंगशी बांधली गेली. हा निर्णय लंडनमध्ये झाला. त्याच वेळी गोलमेज परिषदेसाठी गांधीजी व डॉ. आंबेडकर त्या शहरात होते. परंतु रुपयासंबंधी हिंदी जनतेचे मत घेण्याची व्यवस्थाच नव्हती. पुढील काही वर्षे मंदीने गांजलेल्या शेतकरी कुटुंबांनी मोडलेले दागिने सोन्याच्या रूपाने मुंबई बंदरातून परदेशी गेले आणि स्टर्लिंगच्या स्थैर्यास त्यांचा हातभार लागला.

स्थैर्यासाठी मत देणारा मतदार अविचारी होता, असे यावरून ठरत नाही. आपली पुंजी राखू पाहणे हा विवेकच होय. परंतु त्यास जे दाखविण्यात आले, ते चलनाचे चित्र होते. कपातीचा भार कोणावर पडणार, हे त्या चित्रात नव्हते. तो भार बेकारांवर पडला, ज्यांचे मत अल्पसंख्य ठरले. आणि हिंदी शेतकऱ्यांवर पडला, ज्यांना त्या निवडणुकीत मतच नव्हते.