१४४ व्या क्रमांकावर थांबलेला अल्बम

लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना 'हे काम दुर्लक्षित राहिले' असं वाक्य आपण किती सहज टाकतो! मीही माझ्या सिनॉप्सिसमध्ये टाकलं होतं. गाईडनी शेजारी पेन्सिलीने लिहिलं, "कोणाकडून? कधीपर्यंत?" त्या वेळी राग आला. पण हेच दोन प्रश्न एका आवडत्या अल्बमला लावून बघितले, तेव्हा ते किती बोचरे आहेत ते कळलं.

अल्बम आहे जीन क्लार्कचा 'नो अदर'. क्लार्क हा 'द बर्ड्स'चा संस्थापक सदस्य आणि 'एट माइल्स हाय'चा मुख्य गीतकार. १९६६ मध्ये त्याने बँड सोडला. विमानाची भीती हे त्यामागचं एक कारण. (दौऱ्यावर जगणाऱ्या बँडमध्ये ही केवढी अडचण, विचार करा.) पुढे डग डिलार्डबरोबर त्याने कंट्री-रॉकचं सुरुवातीचं महत्त्वाचं काम केलं. १९७३ मध्ये मूळ पाचही बर्ड्स 'असायलम' कंपनीसाठी एकत्र आले. तो अल्बम फसला, पण त्यात क्लार्कची गाणी उठून दिसली आणि कंपनीच्या डेव्हिड गेफनने त्याच्याशी स्वतंत्र करार केला.

'नो अदर' सप्टेंबर १९७४ मध्ये आला. निर्माता थॉमस जेफरसन के. कंट्रीच्या पायावर गॉस्पेलचा कोरस, सोल, सिंथेसायझर असे थरावर थर. खर्च सुमारे एक लाख डॉलर, तोही १९७४ चा, आणि हातात गाणी फक्त आठ! गेफन भडकला, जाहिरात जेमतेम झाली, अल्बम बिलबोर्डच्या यादीत १४४ पर्यंत पोचला आणि काही वर्षांत कॅटलॉगमधूनही गेला.

इथपर्यंत सगळे एकच सांगतात. आता समीक्षकांकडे या. एका ठिकाणी तुम्ही वाचाल की त्यांनी अल्बमला फुगवलेला, दिखाऊ ठरवलं. दुसरीकडे वाचाल की परीक्षणं चांगली होती, कंपनीनेच वाऱ्यावर सोडलं. दोन्ही विधानं बिनधास्त फिरतात, आणि बहुतेक वेळा १९७४ चं एकही परीक्षण समोर न ठेवता. माझ्या मते पहिली गोष्ट जास्त पसरली, कारण ती ऐकायला छान आहे: जग चुकलं, आम्ही ओळखलं. तुमच्या विषयातही अशी एखादी गोष्ट नक्की सापडेल.

आणि 'असायलम'ला हा प्रकार कळत नव्हता, असं म्हणाल तर तेही टिकत नाही. ईगल्स त्याच कंपनीचे. त्याच वर्षी त्यांचा 'ऑन द बॉर्डर' तिथूनच आला आणि जोरात चालला. याला पक्का कंट्रोल म्हणता येणार नाही, व्हेरिएबल फार आहेत. पण 'कंट्री-रॉक होतं म्हणून पडलं' हे स्पष्टीकरण एवढ्यानेही बाद होतं.

आता 'कधीपर्यंत?' पुनर्शोधाची तारीख म्हणून लोक २०१४ सांगतात, कारण 'बीच हाउस' बँडच्या पुढाकाराने तेव्हा हा अख्खा अल्बम मंचावर वाजवला गेला. किंवा २०१९, कारण '४एडी' कंपनीने तो थाटात पुन्हा काढला. पण त्याच '४एडी'च्या आयव्हो वॉट्स-रसेलच्या 'दिस मॉर्टल कॉइल' या प्रकल्पाने १९८६ मध्येच यातलं 'स्ट्रेंग्थ ऑफ स्ट्रिंग्ज' नव्याने गायलं होतं. म्हणजे अल्बम पूर्ण झोपलेला नव्हताच. त्याला उद्धृत करणारे मोजकेच होते आणि ते कंट्री-रॉकच्या बाहेर बसले होते. आपण कीवर्ड टाकून फक्त आपल्याच शाखेची जर्नल्स चाळतो ना, तेव्हा नेमके असेच लोक निसटतात.

क्लार्क २४ मे १९९१ रोजी गेला, वयाच्या ४६ व्या वर्षी. १९८६ चं ते गाणं त्याच्या हयातीतलं होतं, हे मी तारखा शेजारी शेजारी मांडेपर्यंत माझ्याही लक्षात आलं नव्हतं. सिनॉप्सिसमधलं ते वाक्य मग मी खोडलं, आणि त्या जागी तीन ओळी आणि दोन सायटेशन्स आली.