लघुरेल्वे शंटिंग मांडणीवरील खडी व देखावा

लघुरेल्वे शंटिंग मांडणीवरील खडी व देखावा म्हणजे मालगाडीच्या वाघिणी जोडणे, सोडवणे व क्रमाने लावणे यांसाठी तयार केलेल्या छोट्या रेल्वे प्रतिकृतीवर रुळांखालची खडी, जमीन, वनस्पती, मालधक्का व इमारती उभारण्याचे काम. रूळ, वीजजोडणी व सांधे यांची चाचणी पूर्ण झाल्यानंतर हे काम हाती घेतले जाते. शंटिंगमध्ये इंजिन अतिशय मंद गतीने चालते आणि त्याच सांध्यांवरून पुनःपुन्हा ये-जा करते. त्यामुळे खडीचा एखादा कण किंवा गोंदाचा पातळ थरही चालनात अडथळा आणू शकतो.

शंटिंग मांडणीचे स्वरूप

गोलाकार मार्गावर धावणाऱ्या मांडणीपेक्षा शंटिंग मांडणीला कमी जागा लागते. एखाद्या फळीवर किंवा भिंतीलगतच्या मांडणीवरही ती बसते. ब्रिटिश छांदिष्ट ॲलन राइट यांची ‘इंगलनुक साइडिंग्ज’ ही या प्रकारातील प्रसिद्ध रचना आहे. तिच्या तीन साइडिंगांत अनुक्रमे ५, ३ व ३ वाघिणी मावतात. एकूण ८ वाघिणींमधून चिठ्ठ्यांनी ठरलेल्या क्रमाने ५ वाघिणींची गाडी तयार करावयाची असते. असे ६,७२० वेगवेगळे क्रम संभवतात. अमेरिकेतील जॉन ॲलन यांची ‘टाइमसेव्हर’ ही रचना १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. ॲलन हे व्यवसायाने छायाचित्रकार होते आणि वास्तवदर्शी देखाव्यासाठीही त्यांची ख्याती होती.

खडीचे प्रमाण व रंग

खडी रुळांना जागेवर धरून ठेवते, गाडीचा भार जमिनीवर पसरवते आणि पावसाचे पाणी निचरून टाकते. प्रतिकृतीत यांपैकी कोणतेही काम तिला करावे लागत नाही. तेथे तिचे महत्त्व दिसण्यापुरते असते. १:८७ या प्रमाणात ५० मिलिमीटरचा दगड सुमारे ०.६ मिलिमीटरचा होतो. याहून बराच मोठा कण वापरल्यास रुळांभोवती धोंडे पडल्यासारखे दिसते.

दख्खनच्या पठारावरील खडी प्रामुख्याने काळ्या दगडाची, म्हणजे बेसाल्टची असते. ताजी खडी निळसर करडी दिसते. पुढे ब्रेकची धूळ व गंज यांमुळे तिच्यावर तपकिरी छटा चढते. मुख्य मार्गावर खडीचा उंच व नीटनेटका थर असतो. मालधक्क्याजवळच्या जुन्या साइडिंगांत मात्र माती, राख व तेल खडीत मिसळून जमीन जवळजवळ सपाट झालेली असते. हा फरक दाखविल्यास मुख्य मार्ग व साइडिंग प्रथमदर्शनीच वेगळे ओळखू येतात.

दगडखाणीतील चुरा चाळून वापरण्यापूर्वी त्यावरून लोहचुंबक फिरवणे आवश्यक असते. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकाकडे ओढले जाणारे खनिज असते. त्याचे कण इंजिनाच्या मोटरमध्ये शिरल्यास ती बिघडू शकते.

खडी बसवण्याची पद्धत

प्रथम रुळांच्या बाजू गंजाच्या रंगाने रंगवून वरचा भाग लगेच पुसून घेतला जातो. नंतर कोरडी खडी चमच्याने पसरून मऊ कुंचल्याने स्लीपरांच्या मधल्या जागेत सारली जाते. तिची पातळी स्लीपरच्या माथ्यापेक्षा किंचित खाली ठेवतात. रुळाच्या आतल्या कडेला चिकटलेले कण चाकांच्या कडांना लागतात, म्हणून ते याच वेळी काढले जातात.

यानंतर भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे काही थेंब घातलेले पाणी बारीक तुषारांनी फवारतात. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि गोंद खडीत खोलवर मुरतो. ही पायरी गाळल्यास गोंदाचे थेंब वरच गोळा होतात व खडी उचलली जाऊन खड्डे पडतात. गोंद म्हणून लाकूडकामाचा पांढरा गोंद पाण्यात समप्रमाणात किंवा त्याहून पातळ करून ड्रॉपरने सोडला जातो. मांडणी किमान एक रात्र न हलवता वाळू दिली जाते. पावसाळ्यातील दमट हवेत वाळण्यास अधिक वेळ लागतो. या काळात प्लायवूडही फुगते. म्हणून त्याच्या दोन्ही बाजू व कडा आधीच रंगवून घेतात.

सांधे व विद्युत्संपर्क

सांध्याचे सरकणारे निमुळते रूळ हा मांडणीचा सर्वांत नाजूक भाग आहे. त्यांच्या हालचालीच्या जागेत खडी टाकत नाहीत. तेथे गडद रंग किंवा अतिशय पातळ चिकटवलेली भुकटी पुरते. पातळ गोंद केशाकर्षणाने सांध्याच्या खिळीपर्यंत ओढला जातो, म्हणून सांध्याजवळ तो थेंबाथेंबाने देतात व वाळेपर्यंत सांधा अधूनमधून हलवून पाहतात.

दोन रुळांतून वीज घेणाऱ्या मांडणीत रुळाच्या माथ्यावरील गोंदाचा थर विद्युत्रोधक ठरतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढल्यावर सर्वांत लहान इंजिन सर्वांत कमी गतीने प्रत्येक सांध्यावरून चालवून पाहिले जाते. ते कोठेही अडखळले नाही, तरच पुढील देखावा सुरू करण्याचा प्रघात आहे.

देखावा

टेकड्या व उंचवट्यांसाठी थर्माकोल किंवा पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचा सांगाडा आणि त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये भिजवलेल्या कापडाचा थर वापरला जातो. वर मातीचा रंग, चाळलेली माती व कृत्रिम गवत या क्रमाने थर देतात.

वाघिणी हाताने सोडवण्याच्या जागी इमारत, झाड किंवा तारेचा खांब रुळालगत ठेवत नाहीत, कारण तेथे हात व सोडवण्याची काडी पोहोचावी लागते. उंच इमारती मागच्या कडेला ठेवतात. मालधक्क्याची कड पक्की करण्यापूर्वी सर्वांत रुंद वाघीण व सर्वांत लांब इंजिन तेथून नेऊन अंतर तपासले जाते.

स्थळ व काळ: कोल्हापूरचे उदाहरण

कोल्हापूर–मिरज हा कोल्हापूर संस्थानाचा मीटर गेज मार्ग १८९१ मध्ये सुरू झाला आणि १९७१ मध्ये त्याचे ब्रॉड गेजमध्ये रूपांतर झाले. कोल्हापूर हे मार्गाचे शेवटचे स्थानक असल्याने आलेल्या गाडीचे इंजिन दुसऱ्या टोकाला नेणे हे तेथील नित्याचे काम होते. स्थानकाजवळची शाहूपुरी ही पेठ राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवली आणि ती गुळाची बाजारपेठ म्हणून नावारूपास आली. शेवटचे स्थानक, मालधक्का व एका प्रमुख मालाची बाजारपेठ हे तिन्ही घटक शंटिंग मांडणीस अनुकूल आहेत.

मीटर गेज १:८७ प्रमाणात ११.५ मिलिमीटर होतो. त्यासाठी १२ मिलिमीटरचे तयार रूळ जवळचे ठरतात. भारतीय ब्रॉड गेज याच प्रमाणात सुमारे १९.३ मिलिमीटर होतो. बाजारातील १६.५ मिलिमीटरचे रूळ त्यापेक्षा स्पष्टपणे अरुंद असतात.

देखाव्यातील तपशील निवडलेल्या काळाशी जुळावे लागतात. गाजरगवत पुण्यात १९५५च्या सुमारास प्रथम आढळले आणि नंतर देशभर पसरले. त्यामुळे १९४०च्या दशकातील यार्डात ते दाखवणे चुकीचे ठरते. काँक्रीटचे स्लीपरही त्या काळाशी विसंगत ठरतात. याउलट वाफेच्या इंजिनांची राख, पाण्याच्या नळखांबाखालचा ओलसर डाग आणि धक्क्यावर रचलेले गुळाचे रवे त्या काळाची ओळख पटवतात. मीटर गेजचे ते यार्ड आता प्रत्यक्षात उरलेले नसल्याने अशी मांडणी स्थानिक इतिहासाची नोंदही ठरू शकते.

महाराष्ट्रातील परंपरा

पुण्यात कोथरूड येथील जोशी लघुरेल्वे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभ्या राहिलेल्या या संग्रहालयात धावत्या गाड्या, रस्ते, इमारती व प्रकाशयोजना यांसह एका लघुनगरीचा देखावा आहे. त्याचा भर शंटिंगपेक्षा प्रेक्षकांसमोरील खेळावर आहे.

देखावा उभारण्याचे घरगुती कौशल्य महाराष्ट्रात दिवाळीच्या किल्ल्यांतूनही दिसते. कोल्हापुरातील मंगळवार पेठ, शिवाजी पेठ यांसारख्या जुन्या पेठांत मुले विटा, दगड व पोती यांच्या सांगाड्यावर चिखल लिंपून किल्ले बांधतात आणि हिरवळीसाठी अळीव किंवा मोहरी पेरतात. सांगाडा, लेप व हिरवळ हा क्रम लघुरेल्वेच्या देखाव्यातही असतो. परंतु किल्ला काही दिवसांपुरता असतो, तर मांडणी वर्षानुवर्षे वापरात राहते. चिखल वाळताना आकसतो व भेगाळतो, तर पेरलेल्या बियांना रोज पाणी लागते. या ओलाव्याने रूळ गंजतात व लाकूड फुगते. म्हणून लघुरेल्वेत ओल्या मातीऐवजी प्लास्टर आणि जिवंत हिरवळीऐवजी कृत्रिम गवत वापरले जाते.

हेही पहा

जोशी लघुरेल्वे संग्रहालय
छत्रपती शाहू महाराज टर्मिनस
मीटर गेज