बॅटमॅन, फकिरा आणि आमचे मामा

गेल्या वीकांताला मामा आले होते. मामा पक्के वाळवा तालुक्यातले. सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं, म्हणजे शनिवार-रविवार घरातच. म्हटलं, चला, मामांना आपला फेव्हरिट पिक्चर दाखवू. 'द डार्क नाइट' लावला, हिंदीतला. २००८ मध्ये आला तेव्हापासून आमच्या ग्रुपमध्ये या पिक्चरबद्दल वाकडं बोलायची कुणाची छाती नाही. कल्ट, क्लासिक, सुपरहिरो... तिन्ही लेबलं एकाच डब्यावर!

पहिल्याच सीनला बँकेवर दरोडा पडतो. मामा एकदम सावरून बसले.

"ह्योच हिरो न्हवं?"

"नाही हो मामा, हा व्हिलन. हिरो पुढे येतो. खूप श्रीमंत असतो तो, रात्री वेश बदलून चोरांना पकडतो."

मामा नुसतं "हं" म्हणाले. मग जोकर नोटांचा डोंगर पेटवतो तो सीन आला. मामा अक्षरशः कळवळले. "आरं, जाळतोय कशापायी? वाटायचं की!"

पिक्चर संपल्यावर निकाल लागला. "एकाकडं हाय, त्यो वाटत न्हाई. दुसरा लुटतोय, तर त्यो जाळतोय. ह्यात हिरो कोण रं?" मी वेन घराण्याच्या दानधर्माबद्दल सांगायला लागलो, पण मामांना झोप आली होती.

आधी मला हसू आलं. पण रात्री विचार करताना जाणवलं की मामांचं मत भाबडं नाही. त्यांच्याकडे हिरो ओळखायची एक कसोटी आहे, आणि त्या कसोटीला इतिहास आहे.

मामांच्या तालुक्यात वाटेगाव आहे. १९२० साली तिथल्या मांगवाड्यात तुकाराम भाऊराव साठे जन्मले, म्हणजे आपले अण्णा भाऊ. तेव्हा हा सगळा भाग सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. म्हणून या गोष्टी साताऱ्याच्या की सांगलीच्या, या वादात अर्थ नाही.

अण्णा भाऊंच्या घरात फकिराच्या गोष्टी ऐकायला मिळायच्या. फकिरा त्यांच्या नात्यातला. अण्णा भाऊ जन्मले त्याच सुमारास फकिरा खजिना लुटून आला आणि त्याने बाळंतिणीला ओंजळभर रुपये दिले, असं सांगतात. खरं-खोटं सोडा, पण सुपरहिरोची एंट्री असावी तर अशी!

१९५९ मध्ये 'फकिरा' कादंबरी आली. प्रस्तावना वि. स. खांडेकरांची, तेही सांगलीचेच. दुष्काळात माणसं उपाशी मरू लागतात तेव्हा फकिरा धान्य लुटतो, पुढे सरकारी खजिनाही लुटतो. आणलेलं भुकेल्यांच्या घरात पोचतं. शेवटी सरकार त्याच्या माणसांना ओलीस धरतं आणि त्यांच्यासाठी तो स्वतः हजर होतो. शेवटच्या मिनिटाला सुटका वगैरे काही नाही.

पण मला सगळ्यात जास्त हलवलं ते हजेरीने. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. अमुक जातीत जन्मलात की तुम्ही गुन्हेगार, मग हजेरी द्या, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. गुन्हा करायच्या आधीच नाव वहीत! हा कायदा रद्द झाला १९५२ मध्ये. आता बॅटमॅनचा विचार करा. तो गुन्हेगार पकडून पोलिसांच्या हवाली करतो आणि आपण टाळ्या वाजवतो, कारण गुन्हेगार कोण हे आपल्याला पटलेलं असतं. ज्या गावात ते जन्मावरूनच ठरायचं, तिथल्या माणसाने टाळी कुणाला वाजवायची?

१९६३ मध्ये 'फकिरा'वर चित्रपट निघाला. कायदा जाऊन जेमतेम अकरा वर्षं झाली होती. म्हणजे ज्यांच्या बापाचं नाव वहीत होतं अशी माणसं तो बघायला बसलेली असणारच. अण्णा भाऊंच्याच 'वारणेचा वाघ'वरचा चित्रपट १९७० मध्ये आला, सूर्यकांत त्यात सत्तू भोसले झाले. तो बघायला अण्णा भाऊ नव्हते. १९६९ च्या जुलैत, हलाखीतच ते गेले. आपण अँग्री यंग मॅनची सुरुवात 'जंजीर'पासून, म्हणजे १९७३ पासून मोजतो. वारणाकाठी तो दहा वर्षं आधीच येऊन गेला होता!

आणि ही नुसती पडद्यावरची गोष्ट नव्हती. येडेमच्छिंद्रच्या क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार याच पट्ट्यातलं, १९४३ ते ४६ चं. तुफान सेना, स्वतःची न्यायालयं, कमी खर्चात लग्नं. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी रेल्वे लुटली गेली. गावगुंडांना आणि खबऱ्यांना तळपायावर फटके बसायचे. त्यावरूनच 'पत्री सरकार' हे नाव पडलं म्हणतात. आज एसीत बसून मला त्या फटक्यांबद्दल प्रश्न पडतात. कायदा हातात घेणाऱ्याला कोण आवरणार? 'डार्क नाइट'चाही प्रश्न तोच आहे. फरक इतकाच की नाना पाटील लपून राहिले नाहीत. पुढे दोनदा निवडणूक जिंकून लोकसभेत गेले.

गंमत म्हणजे सुपरमॅनही सुरुवातीला याच जातकुळीचा होता. १९३८ मध्ये, अमेरिकेतल्या मंदीच्या काळात तो आला आणि भ्रष्ट पुढारी, मजुरांच्या जिवाशी खेळणारा खाणमालक यांच्या मागे लागला. परग्रहावरचे शत्रू नंतर आले. १९३८ चा सुपरमॅन मामांना नक्की आवडला असता.

शेवटची एक गोष्ट. अण्णा भाऊ लहानपणी वडिलांबरोबर वाटेगावहून चालत मुंबईला गेले. शाळा जवळपास नाहीच. मुंबईत मूकपटांचं वेड लागलं, आणि सिनेमाच्या पाट्या वाचत वाचत ते अक्षरं शिकले, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. म्हणजे एक साधा प्रेक्षकच, मामांसारखा! त्याला पडद्यावर आपला हिरो दिसला नाही, तेव्हा त्याने तो लिहून काढला.

आपण रेटिंग बघून पिक्चर निवडतो आणि रिव्ह्यू वाचून मत बनवतो. मामांनी रेटिंग विचारलं नाही. त्यांनी एवढंच बघितलं की लुटलेलं कुणाच्या घरात गेलं.

सोमवारी डॉक्टरांकडे जाताना रिक्षात मामा मध्येच म्हणाले, "पैसं जाळलं, ते काय बरं न्हाई केलं त्यानं."

मी म्हटलं, "खरंय मामा."