मेमरीच्या पट्टीचा इतिहास : सिम, डिम आणि रिम

मदरबोर्डावर उभी बसवलेली मेमरीची पट्टी, म्हणजेच मेमरी मॉड्यूल, सुरुवातीपासून नव्हती. १९८० च्या दशकाच्या आरंभी वैयक्तिक संगणकात मेमरीच्या चिप एकेक करून मदरबोर्डावरच बसवत. तापण्या-निवण्याने त्या सॉकेटमधून हळूहळू वर सरकत आणि पुन्हा दाबून बसवाव्या लागत. १९८३ च्या सुमारास वँग लॅबोरेटरीजमध्ये अनेक चिप एका छोट्या पट्टीवर जोडण्याची कल्पना निघाली. तेच सिम.

३० पिनांचे सिम एका वेळी ८ बिट देई, ७२ पिनांचे ३२. पेंटियमचा डेटा-मार्ग (१९९३) ६४ बिटांचा, म्हणून सिम जोडीने बसवावी लागत. डिममध्ये पट्टीच्या दोन्ही बाजूंचे संपर्क स्वतंत्र झाले आणि १६८ पिनांच्या एकाच पट्टीतून ६४ बिट मिळू लागले.

इथवर प्रोसेसर रुंदावला, तशी पट्टी बदलली. पुढचे वळण तंत्रापेक्षा मालकीचे अधिक होते. इंटेलने १९९९ पासून रॅम्बस कंपनीच्या मेमरीवर भर दिला. तिचे मॉड्यूल म्हणजे रिम. डेटा-मार्ग अरुंद, १६ बिटांचा, पण फार वेगवान. संकेत एका पट्टीतून दुसरीत जात असल्याने रिकाम्या स्लॉटमध्येही चिप नसलेली पट्टी घालावी लागे. पेंटियम ४ च्या पहिल्या संगणकांत तर जोडीची जुनी अटही परत आली! शिवाय रॅम्बस स्वतः चिप बनवत नसे. परवान्याचे पैसे हेच तिचे उत्पन्न. रिम महागच राहिले.

समोर होती डीडीआर : जुन्या एसडीरॅमचीच सुधारणा, घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा डेटा. तिचे मानक जेडेक या संस्थेत अनेक उत्पादकांनी मिळून ठरवले आणि २००० मध्ये प्रसिद्ध झाले. २००२ पर्यंत इंटेलही तिच्याकडे वळली.

हा खुल्या मानकाचा निर्भेळ विजय मानणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. एसडीरॅम आणि डीडीआरमध्येही आपले पेटंट आहे, असा दावा रॅम्बसने न्यायालयांत केला. ती पूर्वी जेडेकची सदस्य होती. तेथे तिने पेटंटची माहिती दडवली, असा निष्कर्ष अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००६ मध्ये काढला. २००८ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. दुसरीकडे, सॅमसंग, हायनिक्स आणि इन्फिनिऑन या डीडीआर बनवणाऱ्या कंपन्यांनी मेमरीचे भाव संगनमताने ठरवल्याचे अमेरिकेत कबूल केले आणि दंड भरला.