वणव्याचा नकाशा कसा वाचावा

मार्च-एप्रिलमध्ये नासाचा ‘फर्म्स’ हा नकाशा उघडून सह्याद्रीवर आणला, की घाटमाथ्यापासून कोकणपट्टीपर्यंत लाल ठिपके दिसू लागतात. त्याचे छायाचित्र ‘सह्याद्री पेटला’ अशा ओळीसह गटागटांतून फिरते. त्यामागची कळकळ खरी असते, पण ठिपका एवढे काही सांगत नसतो. तो सांगतो ते असे: अमुक वेळी, अमुक चौकटीत कुठेतरी, भोवतालच्या जमिनीपेक्षा बरीच जास्त उष्णता उपग्रहाला दिसली. हा नकाशा वाचायचा तर वेळ, चौकट आणि उष्णता या तिन्ही गोष्टी एकेक करून तपासाव्या लागतात.

उष्णतेपासून सुरुवात करू. तापलेली प्रत्येक वस्तू अवरक्त किरण बाहेर टाकते. साध्या जमिनीचे हे किरण 10 मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास सर्वांत तीव्र असतात, तर ज्वाळांचे 3 ते 4 मायक्रॉनच्या आसपास. म्हणून उपग्रहावरचे उपकरण 4 आणि 11 मायक्रॉनजवळची मोजमापे एकमेकांशी ताडून पाहते, मग शेजारच्या चौकटींशी तुलना करते आणि फरक ठळक असेल तरच ठिपका नोंदवते. या युक्तीमुळे फार लहान आगही सापडते. ‘मोडिस’ या उपकरणाची चौकट 1 किलोमीटरची असते, तरी तिच्यातली साधारण 1000 चौरस मीटरची, म्हणजे पाव एकराची आग त्याला सहसा सापडते.

ठिपक्यावर बोट ठेवले की एक लहान तक्ता उघडतो. त्यात तापमान दिसते, समजा 340 केल्विन. हे झाले 67 अंश सेल्सियस, आणि इतक्या तापमानाला गवतही पेटत नाही. हा आकडा ज्वाळेचा नसतो. पेटलेला कोपरा आणि न पेटलेली उरलेली जमीन यांचा मिळून उपकरणाला जो एकत्रित उजेड दिसला, त्याचे ते तापमान असते. आगीचा जोर कळायला शेजारची ‘अग्निशक्ती’ पाहावी. ती मेगावॉटमध्ये दिलेली असते आणि आगीतून त्या क्षणी किती ऊर्जा किरणांच्या रूपाने बाहेर पडत होती ते दाखवते. खात्रीचा रकाना मात्र नीट समजून घ्यायला हवा. ‘व्हिअर्स’ या उपकरणाच्या नोंदीत खात्री कमी, साधारण आणि उच्च अशी असते. कमी खात्रीची नोंद बऱ्याचदा पाण्यावरून किंवा चकचकीत पृष्ठभागावरून परावर्तित झालेल्या उन्हाची असते. उच्च खात्री म्हणजे उष्णता इतकी, की उपकरणाची मोजण्याची मर्यादाच संपली. मधली ‘साधारण’ खात्री दुय्यम समजून सोडून देऊ नये, कारण खऱ्या आगींच्या बहुतेक नोंदी याच वर्गात येतात.

आता चौकट. ठिपका चौकटीच्या मध्यावर काढलेला असतो, आग तिच्या कुठल्याही कडेला असू शकते. व्हिअर्सची चौकट 375 मीटरची, म्हणजे सुमारे 14 हेक्टर किंवा 35 एकर. उपग्रहाने थेट खाली न पाहता बाजूला तिरके पाहिले तर ती आणखी पसरते. मोडिसच्या बाबतीत पट्ट्याच्या टोकाला ती 2 बाय 5 किलोमीटरच्या घरात जाते. त्यामुळे ठिपके मोजून त्यांना क्षेत्रफळाने गुणणे आणि ‘इतके एकर जंगल जळाले’ असे जाहीर करणे, ही हे नकाशे वाचतानाची मोठी गफलत आहे. बांधावरचा ठिपका आपल्या शेतात पडला की शेजारच्या राखीव वनात, हे त्यावरून ठरवता येत नाही आणि कोणावर ठपकाही ठेवता येत नाही.

वेळेच्या बाबतीत तर दोन सापळे आहेत. पहिला साधा. तक्त्यातली वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. 0800 दिसले तर ती आपली दुपारची दीडची वेळ. 2000 दिसले तर रात्रीचा दीड, आणि तोही पुढच्या तारखेचा. हे साडेपाच तास मिळवले नाहीत, तर मध्यरात्रीनंतरची आग आदल्या दिवसाच्या खात्यात जाते.

दुसरा सापळा जिवावर बेतू शकतो. व्हिअर्सचे उपग्रह ध्रुवीय कक्षेत फिरतात आणि स्थानिक वेळेनुसार दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास डोक्यावरून जातात. मोडिस असलेला ‘टेरा’ उपग्रह सकाळी साडेदहाच्या आसपास येत असे. 8 नोव्हेंबर 2018 रोजी कॅलिफोर्नियात ‘कॅम्प फायर’ सकाळी साडेसहाच्या सुमारास पेटली आणि आठच्या आसपास पॅरडाइस या गावात शिरली. म्हणजे रात्रीची फेरी होऊन गेल्यावर आग लागली आणि सकाळच्या फेरीआधी ती गावात पोचलीही होती. तिथे 85 माणसे गेली, 18 हजारांवर इमारती जळाल्या. ठिपक्याची वाट पाहत थांबणाऱ्याला त्या सकाळी नकाशावर गाव सुरक्षित दिसले असते. दर काही मिनिटांनी पाहणारे भूस्थिर उपग्रह ही फट काही प्रमाणात भरतात, पण त्यांची चौकट बरीच मोठी असते. आपल्या इन्सॅट-3डीची या पट्ट्यातली चौकट 4 किलोमीटरची होती. शिवाय ढग जाड असले तर त्यांच्यापैकी कोणालाच खालचे दिसत नाही.

रंगांबद्दल थोडक्यात. अनेक नकाशांवर रंग हा नोंदीच्या वयाचा असतो: ताजी नोंद गडद लाल, जुनी पिवळी. पिवळा म्हणजे सौम्य आग, असा अर्थ तिथे काढू नये. अमेरिकी नकाशांवर आगीभोवती रेषा असते आणि सोबत ‘40 टक्के आटोक्यात’ असे लिहिलेले असते. हे प्रमाण परिघाचे असते. आगीच्या कडेच्या एकूण लांबीपैकी इतक्या भागात आग थोपवणारी पट्टी पक्की झाली, एवढाच त्याचा अर्थ. आतली 40 टक्के आग विझली, असा नव्हे. कॅलिफोर्नियात नातलग असलेल्या मराठी घरांनी हे लक्षात ठेवावे, कारण आकडा वाढताना दिसला तरी उरलेल्या बाजूने आग वस्तीकडे येऊ शकते.

सह्याद्रीत अडचण उलट्या बाजूनेही येते. ठाणे, रायगड, रत्नागिरीत भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतात. शेण, पालापाचोळा, टहाळ्या रचून जमीन मुद्दाम जाळतात. उपग्रहाला तीही उष्णताच. भारतीय वन सर्वेक्षण 2004 पासून उपग्रहांच्या नोंदी वनहद्दींशी ताडून वनखात्याला सूचना पाठवते. या सूचना मोबाइलवर मिळवण्यासाठी सामान्य नागरिकालाही नाव नोंदवता येते. वनहद्दीच्या या चाळणीमुळे शेतातले राब बरेचसे गळतात. पण दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेत खरा वणवाही निसटतो. आपल्याकडची बहुतेक आग जमिनीलगतची, वाळलेल्या गवताची आणि पानगळीची असते. दुपारी तीनला डोंगरउतारावर लागलेली अशी आग रात्री नऊपर्यंत सगळा उतार काळा करून विझते आणि नकाशावर तिचा एकही ठिपका उमटत नाही.

अशा वेळी ठिपके सोडून जळालेल्या खुणा शोधाव्यात. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची जोडी एकाच जागेचे चित्र दर पाच दिवसांनी देते. त्यातला लघुतरंग अवरक्त पट्टा 20 मीटरपर्यंत बारीक दिसतो. या पट्ट्याचे कृत्रिम रंगातले चित्र लावले की हिरवळ हिरवी, जळालेली जमीन तांबूस-तपकिरी दिसते. आगीपूर्वीचे आणि नंतरचे चित्र शेजारी ठेवले तर हद्द बऱ्यापैकी नेमकी आखता येते आणि क्षेत्रफळही मोजता येते. हे काम मात्र मे संपायच्या आत करावे. पावसाच्या पहिल्या सरींनंतर गवत फुटते, आणि उताराचा काळा डाग चित्रातून पुसला जातो.