मेघसंगणनातील स्वयंचलित चाचणी : एक ऐतिहासिक विवेचन

भोगावती नदीवरील राधानगरी धरणास सात स्वयंचलित दरवाजे आहेत. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत आरंभिलेल्या व स्वातंत्र्योत्तर काळात पूर्णत्वास गेलेल्या या धरणाचे पाणी ठरावीक पातळीस पोचले की दाबानेच दरवाजा उघडतो, आणि पातळी उतरली की मिटतो. एका दरवाजातून सेकंदास १,४२८ घनफूट पाणी बाहेर पडते. तथापि दरवाजे आपोआप उघडले एवढ्यावरून कोल्हापूर निश्चिंत होत नाही. पावसाळ्यात सर्वांचे लक्ष असते ते पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याच्या पातळीकडे. तेथे ३९ फूट ही इशाऱ्याची आणि ४३ फूट ही धोक्याची पातळी मानलेली आहे. बंधाऱ्यावरील मोजपट्टी दरवाजांच्या यंत्रणेचा भाग नाही, आणि म्हणूनच तिच्या साक्षीस मोल आहे. यंत्र आपोआप चालणे ही एक गोष्ट; त्याच्या चालण्याचा परिणाम स्वतंत्रपणे तपासला जाणे ही दुसरी. हा भेद ध्यानात घेतला म्हणजे मेघसंगणनातील, म्हणजेच क्लाउड कॉम्प्यूटिंगमधील, चाचणीपद्धतीचा इतिहास नीट उलगडतो.

आज्ञावलीची चाचणी हा विषय संगणकाइतकाच जुना आहे. चाचणीने दोषांचे अस्तित्व सिद्ध होते, अभाव कधीच सिद्ध होत नाही, असे डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९६९ साली रोम येथील परिषदेत बजावले होते. परंतु त्या काळी तपासावयाचे यंत्र डोळ्यांसमोर स्थिर असे. २००६ मध्ये ॲमेझॉन कंपनीने साठवण आणि संगणन या दोन्ही सेवा भाड्याने देण्यास आरंभ केला आणि परिस्थिती पालटली. आता मागणी होताच आभासी यंत्रे निर्माण होऊ लागली आणि काम संपताच नाहीशी होऊ लागली. भारत शासनाचा ‘मेघराज’ २०१४ मध्ये सुरू झाला. ॲमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ मध्ये उघडले. क्षणोक्षणी बदलणाऱ्या अशा व्यवस्थेची परीक्षा माणसाने हाताने घेणे अशक्यप्राय होते. यंत्रे घडविणाऱ्या यंत्रणेला परीक्षकही यंत्रच हवा होता.

या परीक्षकाची घडण सर्वांत स्पष्टपणे दिसते ती ओपनस्टॅक या खुल्या प्रकल्पात. नासा ही अमेरिकन संस्था आणि रॅकस्पेस ही कंपनी यांनी तो जुलै २०१० मध्ये जाहीर केला. जगभरचे लेखक त्यात बदल सुचवीत. तेव्हा एकाच्या दुरुस्तीने दुसऱ्याचे काम बिघडू नये, हा प्रश्न प्रथमपासूनच होता. त्यावर योजिलेला उपाय असा : प्रत्येक प्रस्तावित बदलासाठी एक कोरे आभासी यंत्र घ्यावयाचे, त्यावर ‘डेव्हस्टॅक’च्या साहाय्याने संपूर्ण मेघाची लहानशी प्रतिकृती उभी करावयाची, चाचण्या चालवावयाच्या आणि अखेरीस ते यंत्र टाकून द्यावयाचे. कोऱ्या यंत्राचा आग्रह अकारण नव्हता. मागील चाचणीचे अवशेष राहिले तर पुढील चाचणीचा निकाल विश्वासार्ह राहत नाही.

‘टेम्पेस्ट’ हा त्यातील मुख्य चाचणीसंच होय. तो व्यवस्थेच्या अंतर्भागात शिरत नाही. एखाद्या ग्राहकाप्रमाणे बाहेरून मागणी करतो आणि मिळालेले उत्तर तपासतो. ही राजाराम बंधाऱ्यावरील मोजपट्टीचीच भूमिका होय. पुढे २०१२ मध्ये ‘झूल’ ही यंत्रणा आली. दोन बदल पृथक्पणे निर्दोष असूनही एकत्र आल्यावर घातक ठरू शकतात. म्हणून रांगेतील प्रत्येक बदलाची परीक्षा, त्याच्या पुढचे सर्व बदल जणू स्वीकारले गेले आहेत असे धरून घेतली जाऊ लागली.

पद्धत उभारणे एक आणि ती चालविणे निराळे. काही चाचण्या एकदा उत्तीर्ण, एकदा अनुत्तीर्ण होत. अशा वेळी कारण न शोधता चाचणी पुन्हा चालविण्याचा मोह होतो, आणि हळूहळू अपयशाच्या सूचनेकडे कोणी लक्षच देईनासे होते. ओपनस्टॅकमध्ये यासाठी अपयशांच्या नोंदींतील खुणा शोधून त्यांचे ज्ञात दोषांनुसार वर्गीकरण करण्याची वेगळी व्यवस्था करावी लागली. परीक्षकाचीही परीक्षा घ्यावी लागते, हा या अनुभवाचा बोध.

जो प्रश्न विचारलाच गेला नाही त्याचे उत्तर चाचणी देऊ शकत नाही, हे २८ फेब्रुवारी २०१७ रोजी दिसून आले. ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातील साठवण सेवेत एका आज्ञेतील चुकीमुळे अभिप्रेत संख्येपेक्षा कितीतरी अधिक सर्व्हर बाजूला काढले गेले. सेवा काही तास खंडित झाली. तेथील मुख्य उपप्रणालींचा संपूर्ण पुनरारंभ कित्येक वर्षांत करूनच पाहिलेला नव्हता. त्यास अपेक्षेहून अधिक वेळ लागला. याहून उद्बोधक गोष्ट अशी की, सेवेची स्थिती दर्शविणारा कंपनीचा फलकही त्याच साठवण सेवेवर अवलंबून होता. त्यामुळे सेवा बंद असताना आरंभी त्यावरील नोंदी बदलता येईनात. मोजपट्टीच दरवाजाला बांधलेली होती. याउलट नेटफ्लिक्स कंपनीने त्यापूर्वीच, २०११ च्या सुमारास, चालू व्यवस्थेतील यंत्रे मुद्दाम बंद पाडणारी आज्ञावली वापरात आणली होती. संकट येण्यापूर्वी ते आपण होऊन घडवून पाहावे, हा त्यामागील हेतू.

२०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पाच नद्यांचे पाणी एकत्र आल्यावर काय होते, हे एका धरणाच्या दरवाजांवरून कळत नाही. ते खाली, नदीकाठीच मोजावे लागते. मेघसंगणनातील चाचणीचा इतिहासही हेच सांगतो. चाचणी चालविण्याचे काम यंत्राकडे सोपविता येते. मोजपट्टी कोठे रोवावी आणि धोक्याची रेषा कोठे आखावी, हे मात्र माणसालाच ठरवावे लागते.